पहिल्या 226 किलोमीटरसाठी शर्यत कुठली निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा. वय 41. मॅरेथॉन 4 तास 40 मिनिटांत होते. दीड वर्षापासून तलावात पोहणं चालू आहे, 100 मीटरला साधारण 2:35 लागतात. सपाट रस्त्यावर 100 किलोमीटर सायकल ताशी 26 च्या सरासरीने जमते. ऑलिंपिक अंतराच्या दोन ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) झाल्या आहेत, आता पूर्ण अंतर, म्हणजे 226 किलोमीटर, करायचंय. समोर दोन पर्याय आहेत. एक आयर्नमॅनच्या शिक्क्याची शर्यत: अडीच हजार स्पर्धक, सपाट मार्ग, 17 तासांची मर्यादा, विमानाने जावं लागणार. दुसरी स्वतंत्र आयोजकांची: जेमतेम 180 स्पर्धक, गाडीत सायकल टाकून जाता येईल इतकी जवळ, शुल्क निम्म्याहून कमी, मार्ग चढउतारांचा, मर्यादा 16 तासांची. मित्र म्हणतात, शिक्का नसेल तर कोणी धरणार नाही. काय करावं?

आधी शिक्क्याचं बघू. खरा गुंता तिथेच असतो आणि त्यावर मोकळेपणाने कोणी बोलत नाही.

'आयर्नमॅन' हे अंतराचं नाव नाही, एका कंपनीचं व्यापारचिन्ह आहे. अंतर म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणं. ते कोणीही आयोजित करू शकतं आणि जगभर अनेक जण करतात. गंमत अशी, की 18 फेब्रुवारी 1978 ला हवाईतल्या ओआहू बेटावर झालेला पहिला आयर्नमॅन आजच्या भाषेत 'छोटी स्वतंत्र शर्यत' याच सदरात पडला असता. नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी ती भरवली. 15 जण पाण्यात उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटांत पहिला आला. खाणंपिणं ज्याचं त्याने आपल्या साथीदारांकरवी सांभाळायचं. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या साथीदारांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. एड स्टेशनची, म्हणजे वाटेत मांडलेल्या खाण्यापिण्याच्या टेबलांची, आज जी चैन आहे, ती फार नंतरची.

दुसरं उदाहरण रोथचं. जर्मनीच्या बव्हेरियातल्या या गावातली शर्यत आधी आयर्नमॅनच्या परवान्याखाली होत असे. 2002 पासून ती 'चॅलेंज रोथ' झाली. तोच कालवा, तीच सोलारर बर्गची चढण, तेच गावकरी स्वयंसेवक. शिक्का गेला म्हणून शर्यतीचं काही बिघडलं नाही. आज तिथली नोंदणी उघडल्या उघडल्या संपते आणि पूर्ण अंतराचे कित्येक विश्वविक्रमी वेळ तिथेच नोंदले गेलेत. आता ही शर्यत 'मोठी' म्हणायची की 'स्वतंत्र'? फ्रान्समधला एम्ब्रुनमॅन 1984 पासून चालू आहे, इझोआरचा घाट चढायला लावतो आणि कुठल्याही साखळीत नाही. नॉर्वेच्या नॉर्समनमध्ये पहाटे फेरीबोटीतून फियॉर्डच्या थंडगार पाण्यात उडी मारायची, शेवट डोंगरमाथ्यावर, आणि सोबत स्वतःची मदत-टोळी असणं सक्तीचं. दोन्ही स्वतंत्र, दोन्ही नावाजलेल्या, आणि पहिल्या शर्यतीसाठी मी दोन्हींपैकी एकही सुचवणार नाही. तेव्हा 'स्वतंत्र म्हणजे घरगुती आणि सोपी' हा समज असेल तर तो आजच सोडा.

आता मित्रांच्या बोलण्याकडे. चारचौघांत 'आयर्नमॅन केला' म्हटलं की लोकांना कळतं आणि 'पूर्ण अंतराची ट्रायथलॉन केली' म्हटलं की पाच मिनिटं समजावत बसावं लागतं, हे खरंच आहे. ती कमान, निवेदकाच्या तोंडून स्वतःचं नाव, तो लाल गालिचा हवासा वाटत असेल तर त्यात हलकं काही नाही. पहाटे साडेचारला उठायला कारण लागतं, आणि तो गालिचा अनेकांसाठी पुरेसं कारण ठरतो. माझी पहिली शर्यत मी त्याचसाठी निवडली होती, फक्त तेव्हा लोकांना 'मार्ग चांगला आहे' असं सांगत फिरलो. एवढंच बघा, की शिक्का तुम्हाला हवाय की मित्रांना. मित्रांना हवा असेल तर तो मुद्दा इथेच सोडून देऊ.

आता तुमचे आकडे मांडतो. माझ्या मते निवड इथे व्हायला हवी, आणि बहुतेक जण नेमका हाच हिशेब करत नाहीत.

तलावात 100 मीटरला 2:35, म्हणजे 3.8 किलोमीटरला 1 तास 38 मिनिटं. उघड्या पाण्यात भिंत नसते, मान वर काढून दिशा बघावी लागते, थोडं वाकडंतिकडं पोहलं जातं. 1:45 धरा. सायकल 100 किलोमीटरला 26 च्या सरासरीने होते, 180 ला आणि पुढे मॅरेथॉन बाकी असताना 24 धरणं शहाणपणाचं. 7 तास 30 मिनिटं. ताजेतवाने असताना 4:40 मध्ये होणारी मॅरेथॉन एवढं सगळं झाल्यावर पहिल्याच खेपेला तासभराने लांबते, कधी त्याहून जास्त. 5:55 धरू, म्हणजे किलोमीटरला 8:25. दोन्ही ट्रान्झिशन, म्हणजे दोन टप्प्यांमधला कपडे-सामान बदलायचा वेळ, मिळून 25 मिनिटं. एकूण 15 तास 35 मिनिटं.

16 तासांच्या मर्यादेत उरली 25 मिनिटं. एक पंक्चर, दोनदा शौचालयाची रांग आणि धावताना पोट बिघडून पंधरा मिनिटं चालणं, एवढ्यात ती संपतात. शिवाय हा हिशेब सपाट मार्गाचा होता. तुमच्या स्वतंत्र शर्यतीत चढउतार आहेत. सरासरी 24 वरून 22 वर आली की सायकललाच 8 तास 11 मिनिटं लागतात, आणि एकूण वेळ 16:16 वर जाते. म्हणजे काहीही न बिघडता तुम्ही मर्यादेबाहेर! 17 तासांच्या सपाट मार्गावर मात्र तुमच्या हाताशी 1 तास 25 मिनिटं राहतात.

17 तास हे आयर्नमॅनच्या पूर्ण अंतराचं सगळ्यांना ठाऊक असलेलं परिमाण आहे, पण लोगो आहे म्हणून ते मिळेलच असं नाही. फ्रँकफर्टला 15 तासांची मर्यादा राहिली आहे, रोथलाही 15 च. रस्ते किती वेळ बंद ठेवायची परवानगी मिळते, यावर हे ठरतं. मधल्या मर्यादाही असतात: नेहमीच्या आयर्नमॅनमध्ये पोहणं 2:20 च्या आत आणि सायकल सुरुवातीपासून 10:30 च्या आत. तुमच्या हिशेबात सायकल साधारण 9:28 ला संपते, म्हणजे तासभर शिल्लक. छोट्या शर्यतीच्या माहितीपत्रकात फक्त शेवटची मर्यादा मोठ्या अक्षरात असते आणि 'दुसरी फेरी अमुक वाजेपर्यंत सुरू न केल्यास थांबवले जाईल' हे वाक्य नवव्या पानावर बारीक टाइपात. ते शोधून वाचा. मर्यादा घड्याळाच्या वेळेवर मोजतात की तुमच्या पायातली चिप चालू झाल्यापासून, हेही बघा. टप्प्याटप्प्याने पाण्यात सोडणाऱ्या शर्यतीत या एका फरकाने पंधरावीस मिनिटं इकडची तिकडे होतात.

रस्त्यांचा मुद्दा मला वेळेइतकाच मोठा वाटतो. मोठ्या शर्यतीचं शुल्क जास्त असतं ते नुसतं कमानीसाठी नसतं. बंद रस्ते, चौकाचौकांत पोलिस, मोटारसायकलवरचे पंच, वैद्यकीय तंबू, रुग्णवाहिका यांत बराचसा पैसा जातो. छोट्या शर्यतीत रस्ता बहुधा वाहतुकीला खुला असतो. वाहतूक असलेल्या रस्त्यावर सराव करण्याची तुम्हाला सवय असेलही, पण सातव्या तासाला, साखर उतरलेली असताना आणि डोकं सुन्न झालेलं असताना डावी-उजवीकडे बघायचं भान वेगळंच असतं. एका छोट्या शर्यतीत मी 130 व्या किलोमीटरला एका वळणावर सरळ पुढे गेलो. तिथे उभा असायला हवा होता तो स्वयंसेवक सावलीत बसला होता, आणि बाणाचा फलक वाऱ्याने उलटा झालेला. परत फिरून मार्गावर येईपर्यंत 11 किलोमीटर जास्त झाले होते. मी चिडलो, आयोजकाने मनापासून माफी मागितली, आणि तरी ते 11 किलोमीटर माझ्या पायांत राहिलेच. तेव्हापासून मार्ग सायकलच्या संगणकात भरल्याशिवाय मी कुठल्याही छोट्या शर्यतीला उतरत नाही. शक्य असेल तर महिनाभर आधी जाऊन त्या मार्गाची एक फेरी मारून येतो. जवळच्या शर्यतीचा हा फायदा दूरच्या शर्यतीत कितीही पैसे मोजून मिळत नाही.

मोठ्या शर्यतीच्या सायकल टप्प्याला दुसरंच दुखणं आहे: गर्दी. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा टाळत चालवण्याला, बंदी असते: पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर राखायचं, त्या पट्ट्यात शिरलात तर 25 सेकंदांत पुढे निघून जायचं. कागदावर ठीक आहे. पण सपाट मार्गावर सारख्याच वेगाचे तीनशे जण एकाच अर्ध्या तासात पाण्याबाहेर येतात आणि 12 मीटर कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. तुमच्या वेगाच्या लोकांमध्ये ही गर्दी फार दाट असते. एकजण पुढे जातो, मंदावतो, तुम्ही त्याला ओलांडता, तो पुन्हा येतो. या ओढाताणीत नवखा माणूस ठरवलेल्यापेक्षा जास्त जोर लावून बसतो आणि ते 25 व्या किलोमीटरला धावताना वसूल होतं. ड्राफ्टिंगबद्दल पंचाकडून निळं कार्ड मिळालं तर दंडाच्या तंबूत 5 मिनिटं उभं राहायचं, ते वेगळंच. छोट्या शर्यतीत याच्या उलट: चाळीस चाळीस मिनिटं माणूस दिसत नाही. काहींना ती शांतता आवडते. काहींचं मन मात्र तिथेच खचतं. तुम्ही लांबच्या राइड एकटे करता की गटात, यावरून तुम्ही कुठल्या प्रकारचे ते तुम्हालाच कळेल.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात, त्यांतले बहुसंख्य पाण्यात होतात. तलावात पोहून आलेल्या माणसाला गढूळ पाण्यात, आजूबाजूला लाथा बसत असताना श्वास अडकल्यासारखं होणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी थांबून, पाठीवर पडून, हात वर केल्यावर कयाक, म्हणजे मदतीची छोटी होडी, किती वेळात पोहोचते, एवढंच महत्त्वाचं. मोठ्या शर्यतीत आता बहुतेक ठिकाणी पाचदहा जणांना काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात सोडतात, त्यामुळे पूर्वीसारखी झुंबड उडत नाही. तरीही अडीच हजार डोकी त्याच पाण्यात असतात. छोट्या शर्यतीत दहा मिनिटांत पाणी मोकळं होतं, पण मग बोये, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, लांब लांब लावलेले असले तर दिशा चुकते. आयोजकांना विचारा: कयाक किती, मोटरबोट किती, दोन बोयांमध्ये अंतर किती. '180 जणांना 12 कयाक' असं उत्तर आलं तर ती शर्यत अनेक मोठ्या शर्यतींपेक्षा पाण्यात सुरक्षित आहे. 'पुरेशी व्यवस्था आहे' असं आलं तर पुन्हा विचारा. वेटसूटचा, म्हणजे ऊब देणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखाचा, नियमही बघून ठेवा. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांना पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर वेटसूट चालतो, त्यापुढे 28.8 पर्यंत घालता येतो पण बक्षिसाचा हक्क जातो. त्याहून गरम पाण्यात पूर्ण बंदी. स्वतंत्र शर्यती बहुधा राष्ट्रीय संघटनेचे नियम लावतात, ते थोडे वेगळे असतात. वेटसूटच्या तरंगण्यावर तुमचं पोहणं उभं असेल तर हा अंश-अर्धा अंश क्षुल्लक नाही.

धावण्याच्या टप्प्यावर तुमच्यासारख्या, म्हणजे माझ्यासारख्याही, मागून येणाऱ्यांचं काय होतं ते कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. मोठ्या शर्यतीत पंधराव्या तासालाही रस्त्यावर शेकडो लोक असतात, साधारण दोन-दोन किलोमीटरवर टेबलं मांडलेली असतात, आणि शेवटचा तास तर जत्राच असते. आधी पूर्ण केलेले लोक मुद्दाम परत येऊन शेवटच्यांना आत आणतात. छोट्या शर्यतीचे दोन अनुभव सांगतो, दोन्ही खरे. एकीत मी स्वयंसेवक होतो. शेवटची स्पर्धक मर्यादेला नऊ मिनिटं राहिली असताना आली, तेव्हा कमानीखाली आयोजक स्वतः, त्यांची मुलगी, सात स्वयंसेवक आणि आधी पूर्ण केलेले वीसेक जण होते. प्रत्येकाला तिचं नाव माहीत होतं. असं स्वागत मी मोठ्या शर्यतीत पाहिलेलं नाही. दुसरीत मी स्पर्धक होतो. 34 व्या किलोमीटरचं एड स्टेशन मी पोहोचण्याआधीच आवरून गाडीत भरलं गेलं होतं. अंधार, कपाळावरचा दिवा आणि खिशात एक जेल. कट-ऑफला, म्हणजे वेळेच्या मर्यादेला, अजून पन्नास मिनिटं होती. तेव्हा 'शेवटचा स्पर्धक जाईपर्यंत सगळी एड स्टेशन चालू राहतात का' हा प्रश्न विचारायला लाजू नका. दोन्ही शर्यती छोट्या होत्या. फरक आयोजकाचा होता, आणि तो लोगोवरून ओळखता येत नाही.

बाहेरची मदत कुठे चालते हेही वाचा. आयर्नमॅनमध्ये ठरलेल्या जागेबाहेर घरच्यांनी बाटली दिली तरी दंड होऊ शकतो. काही स्वतंत्र शर्यतींत एखाद्या ठराविक ठिकाणी साथीदाराला खायला द्यायची मुभा असते, आणि ज्याचं पोट नाजूक आहे त्याच्यासाठी ती सोन्यासारखी.

पैशांबद्दल थोडक्यात. शुल्क परत मिळण्याची आशा दोन्हीकडे धरू नका. मोठ्या कंपनीकडे पुढे ढकलण्याच्या छापील अटी असतात, त्या कोरड्या पण स्पष्ट असतात. छोटा आयोजक फोनवर ऐकून घेतो, पण नोंदणी कमी झाली तर शर्यतच रद्द करू शकतो. किमान चारपाच वर्षं सलग झालेली आणि राष्ट्रीय संघटनेची मान्यता असलेली शर्यत असेल तरच पहिल्या खेपेला विचार करावा, कारण मान्यतेसोबत बहुधा विमा आणि प्रशिक्षित पंच येतात. पहिल्या वर्षीच्या शर्यतीत प्रयोग आयोजक करतात, त्यात आपण पहिलटकर म्हणून जाऊ नये.

प्रवासाचा हिशेब मात्र लोक फारच हलका धरतात. सायकल खोलून पेटीत भरणं, विमानतळावर तिचं काय होतंय या चिंतेत अर्धा दिवस, पोहोचून जोडणं, गिअर बिघडला तर अनोळखी ठिकाणी मेकॅनिक शोधणं. हवामान तुमच्यापेक्षा गरम असेल तर शरीराला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेवढी रजा कोणाला मिळते? जवळच्या शर्यतीला आदल्या रात्री स्वतःच्या सवयीचं जेवून झोपता येतं. पोहण्या-धावण्यात दहा मिनिटं कमवायला जेवढा घाम गाळावा लागतो, तेवढ्यापेक्षा मोठा फायदा एका चांगल्या झोपेत असतो.

तर माझं मत. आजच्या घडीला फक्त या दोन पूर्ण अंतरांमध्येच निवडायचं असेल तर मोठ्या नावाची निवडा. कारण शिक्का नाही, तो एक जादा तास आणि सपाट मार्ग. तुमचे आकडे 14 तासांच्या आसपास असते तर मी उलट सांगितलं असतं: जवळची घ्या, मार्ग पाठ करा, घरच्यांना सोबत न्या.

पण तुम्ही न विचारलेला तिसरा रस्ता मला जास्त पटतो. ऑलिंपिक अंतर म्हणजे सगळं मिळून 51.5 किलोमीटर, तिथून थेट 226 ही उडी फार लांब आहे. स्वतंत्र शर्यतींत बऱ्याचदा त्याच दिवशी अर्ध अंतरही असतं: 1.9, 90 आणि 21.1. यंदा ते करा. तोच आयोजक, तेच पाणी, तोच चढ, आणि चुकलात तरी नुकसान एका सकाळचं. 90 किलोमीटरनंतर धावताना पोट काय म्हणतं, ताशी 60 ग्रॅम कर्बोदकं ते पचवतं का, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ऑलिंपिक अंतरात ते कळतच नाही. त्या दिवशी तुमची वेळ 7 तासांच्या आत आली तर दुप्पट करून तास-सव्वा तास मिळवा, तुमचा पूर्ण अंतराचा बऱ्यापैकी खरा अंदाज निघेल. मग पुढच्या वर्षी 16 तासांची चढउताराची शर्यत तुमच्या आवाक्यात आहे का, हे माझ्या गणितापेक्षा तुमच्याच पायांवरून ठरेल.

सध्या एवढं करा. दोन्ही शर्यतींची मागच्या वर्षीची ॲथलीट गाइड उतरवून घ्या आणि निकालाची यादीही. यादीत शेवटच्या वीस जणांच्या वेळा आणि 'डीएनएफ'ची, म्हणजे शर्यत पूर्ण न केलेल्यांची, संख्या बघा. 180 पैकी 40 जण बाहेर पडले असतील तर का पडले ते विचारा: उष्णता, वारा की कट-ऑफ. मग छोट्या शर्यतीच्या आयोजकाला कयाक, बोये, खुले रस्ते, मधल्या मर्यादा आणि शेवटच्या स्पर्धकापर्यंतची एड स्टेशन या पाच गोष्टींचं पत्र पाठवा. उत्तर आलं की मला दाखवा, अर्ध अंतराचा सराव-तक्ता त्यावरून बसवू.